पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका

कोषागाराच्या निवृत्तिवेतन शाखेत मी नोकरी केली आणि तिथूनच निवृत्त झाले. त्यामुळे या सदरात येणारी बरीच पत्रं पेन्शनची असतात. नोव्हेंबर जवळ आला की ती आणखी वाढतात. या वेळी मात्र रस्त्याचं, फोनवरच्या फसवणुकीचं आणि रेल्वेच्या तिकिटाचंही पत्र आहे. सगळ्यांना जागा देता आली नाही. ज्यांचं काम तारखेवर अडलं आहे, त्यांना आधी घेतलं.

प्रश्न : बाबा ८४ वर्षांचे आहेत, राज्य शासनाचे निवृत्त कर्मचारी. उन्हाळ्यापासून अंथरुणाला खिळून आहेत. बोटांचे ठसे मशीन घेत नाही. बँकेत विचारलं तर म्हणतात, "काकाजींना एकदा घेऊन या." त्यांना स्ट्रेचरवर न्यायचं का? (एक वाचक, सक्करदरा)

उत्तर : दादा, बाबांना हलवू नका. आजारी निवृत्तिवेतनधारकाच्या घरी किंवा दवाखान्यात बँकेच्या माणसानं जाऊन हयातीचा दाखला घ्यायचा असतो. रिझर्व्ह बँकेनं तसं बँकांना कळवलेलं आहे. सत्तरीवरच्या ग्राहकांना घरपोच सेवा द्या, त्यात हयातीचा दाखला घेणंही आलं, असं तिचं नोव्हेंबर २०१७ चं परिपत्रक आहे. खिडकीवरच्या मुलाला हे माहीत नसेल, तो कदाचित महिन्याभरापूर्वीच बदलून आला असेल. म्हणून त्याच्याशी वाद घालू नका. शाखा व्यवस्थापकांच्या नावे अर्ज लिहा. त्यात बाबांचं नाव, खाते क्रमांक, पीपीओ (निवृत्तिवेतन देण्याचा आदेश) क्रमांक, घरचा पत्ता आणि तुमचा फोन द्या, डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडा. अर्ज दोन प्रतींत न्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख घेऊनच बाहेर पडा. तोंडी विनंती खिडकीपाशीच विरून जाते. शिक्का मारलेल्या अर्जाला मात्र कोणाला तरी उत्तर द्यावंच लागतं.

दुसरी वाट मोबाइलची. 'जीवन प्रमाण' ही सोय १० नोव्हेंबर २०१४ ला सुरू झाली. आधी ती ठशांवरच चालायची, आता चेहऱ्यावरही चालते. वयानं बोटांच्या रेषा झिजलेल्यांसाठी हे फार मोठं काम झालं आहे. त्यासाठी 'जीवन प्रमाण' आणि 'आधार फेस आरडी' अशी दोन ॲप लागतात. बाबांना खिडकीकडे तोंड करून टेकवून बसवा, चष्मा काढा, सकाळच्या उजेडात करा. घाई करू नका. पेन्शन मंजूर करणारी यंत्रणा कोणती, देणारी कोणती, हे निवडताना पीपीओ समोर ठेवा. दाखला नाकारला गेला की चूक बहुतेक याच दोन रकान्यांत किंवा पीपीओ क्रमांकात सापडते. शेवटी येणारा प्रमाण क्रमांक वहीत लिहून ठेवा.

कागदी दाखला दिलात तर त्याची सही केलेली पोच देणं बँकेला बंधनकारक आहे, तीही मागून घ्या. आणि समजा नोव्हेंबर टळलाच, तर घाबरू नका. थांबलेलं निवृत्तिवेतन दाखला पोचल्यावर थकबाकीसह सुरू होतं.

प्रश्न : आमचे हे कृषी विभागातून निवृत्त झाले होते. मे महिन्यात गेले. कुटुंब पेन्शनचे कागद दिरांनी घेतले, म्हणाले मी पाहतो. दिवाळी आली तरी काही नाही. विचारलं तर म्हणतात, तुमच्या नावात फरक आहे. ताई, मी दहावी नापास आहे. ऑफिसात कोणाशी काय बोलावं, समजत नाही. (एक भगिनी, उमरेड रोड)

उत्तर : बाई, तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. अक्षर स्वच्छ आहे, प्रश्न नेमका आहे. ज्या बाईला असं पत्र लिहिता येतं, तिला कार्यालयात बोलता येतं. ही पेन्शन तुमची आहे. दिरांची नाही, मुलाचीही नाही. ती मागायला तुम्ही स्वतः जा. सोबतीला कोणी असू द्या, पण खुर्चीवर तुम्ही बसा.

हे इतक्या आग्रहानं सांगते, कारण खिडकीच्या आत बसून मी वर्षानुवर्षं एकच चित्र पाहिलं. प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन बाई मागे उभी, आणि पुढे दीर, भाऊ नाहीतर शेजारचा कोणी बोलतो आहे. तिचं नाव, तिच्या लग्नाची तारीख, खाते क्रमांक, सगळं तोच सांगतो. मी त्याला बाकावर बसायला सांगायची आणि तिला समोर घ्यायची. सुरुवातीला तिच्या तोंडून शब्द फुटत नसे. पण एकदा बोलायला लागली की तिला सगळं माहीत असायचं. यजमानांची बदली गडचिरोलीला कधी झाली, सेवापुस्तकात कोणत्या नोंदीसाठी त्यांनी हेलपाटे घातले, कोणता कागद कोणत्या डब्यात आहे, सगळं. नवऱ्याच्या नोकरीचा अर्धा भार जिनं वाहिला, तिला त्या नोकरीच्या शेवटच्या कागदावर कोणीतरी मुकं करून ठेवतं. याचा मला तेव्हाही संताप यायचा, आजही येतो.

आता काम. घरात यजमानांची पीपीओची प्रत शोधा. तिच्या दोन प्रती असतात, एक कोषागारात आणि एक निवृत्तिवेतनधारकाकडे. निवृत्तीच्या वेळी पती-पत्नीचा एकत्र फोटो घेतात आणि कुटुंब निवृत्तिवेतनाची रक्कम त्याच आदेशात नोंदवतात. तुमचं नाव त्यात असेल, तर नव्यानं मंजुरी आणायची गरज सहसा पडत नाही. महालेखापालांचं कार्यालय आपल्याच गावात, नागपूरच्या सिव्हिल लाइन्सला आहे, विदर्भ-मराठवाड्याची प्रकरणं तिथं होतात. पण तुम्हाला तिकडे न जाता कोषागारातच काम करता यावं. मृत्यूचा दाखला, पीपीओ, तुमचं आधार, पॅन, फक्त तुमच्या नावाचं बँक खातं आणि फोटो घेऊन जा. विहित नमुना तिथं मिळतो. रक्कम शेवटच्या मूळ वेतनाच्या ३० टक्के धरतात, त्यावर महागाई भत्ता मिळतो. मे महिन्यापासूनची थकबाकीही मिळेल. उशीर झाला म्हणून हक्क बुडत नाही.

नावातला फरक हा आपल्याकडचा जुनाच घोळ आहे. पीपीओत नावापुढे 'बाई' लागलेलं असतं, आधारवर नसतं. कुठे माहेरचं नाव, कुठे सासरचं. त्यानं प्रकरण मरत नाही. "नावातील तफावतीसाठी कोणता कागद लागेल ते लेखी कळवावे" एवढं एक वाक्य अर्जात लिहा. 'हे आणा' म्हणून एक कागद आणवायचा आणि मग दुसरा सांगायचा, हा खेळ लेखी उत्तर मागितलं की थांबतो. आवक शाखेत अर्ज द्या, आवक क्रमांक घ्या. राज्यात २००६ पासून लागू असलेल्या दप्तर दिरंगाईच्या कायद्याप्रमाणे एका कर्मचाऱ्याच्या टेबलावर नस्ती, म्हणजे फाइल, सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये. आठव्या दिवशी जा, तो क्रमांक दाखवा आणि शांतपणे विचारा, "माझी नस्ती आज कोणाकडे आहे?" हा प्रश्न आम्हा कारकुनांना नीट समजतो.

आणि हे वाचणाऱ्या पुरुषांना विनंती. आज रात्री जेवण झाल्यावर तुमची पीपीओ, पासबुक, विम्याचे कागद पत्नीला दाखवा. नुसतं "कपाटात आहे" म्हणू नका. तिच्या हातून ते वाचून घ्या आणि नावाची अक्षरं जुळतात का ते दोघं मिळून पाहा. फरक आज दुरुस्त होतो, तेव्हा तुमची सही उपलब्ध असते.

प्रश्न : निवृत्त होऊन १५ वर्षं झाली. अंशराशीकरणाची, म्हणजे पेन्शनचा काही भाग आधीच एकरकमी घेतल्याची, कपात अजून चालूच आहे. (एक वाचक, नंदनवन)

उत्तर : १५ वर्षं निवृत्तीच्या तारखेपासून मोजत नाहीत. अंशराशीपोटी तुमचं निवृत्तिवेतन ज्या महिन्यापासून प्रत्यक्ष कमी झालं, तिथून मोजतात. पासबुक काढून तो महिना शोधा. तिथूनही १५ वर्षं भरली असतील तर पीपीओच्या झेरॉक्ससह कोषागाराला अर्ज द्या. जास्तीची कपात झाली असेल तर ती परत मिळते.

प्रश्न : काकू, मी २०११ मध्ये रुजू झाले, शासकीय रुग्णालयात परिचारिका आहे. तुम्हाला पेन्शन, आम्हाला शेअर बाजार. जुन्या पेन्शनसाठीच्या आमच्या मोर्चाविषयी तुमच्या पिढीचं मत काय? (एक परिचारिका, मेडिकल चौक)

उत्तर : पिढीचं सांगू शकत नाही, माझं सांगते. तुमची मागणी न्याय्य आहे. १ नोव्हेंबर २००५ किंवा त्यानंतर रुजू झालेल्यांची जुनी पेन्शन राज्यानं बंद केली. ३१ ऑक्टोबरला रुजू झालेली नर्स आणि दुसऱ्या दिवशी आलेली नर्स एकाच वॉर्डात एकच रात्रपाळी करतात. पण म्हातारपणी एकीला ठरलेली रक्कम मिळणार, दुसरीला बाजार देईल ते.

१७ डिसेंबर हा पेन्शनर दिन पाळतात, तो का, हे तुमच्या वयाच्या मुलामुलींना सांगायला हवं. १९८२ मध्ये त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयानं नकारा खटल्याचा निकाल दिला. केंद्रानं पेन्शनचं सुधारित सूत्र ३१ मार्च १९७९ च्या आधी निवृत्त झालेल्यांना नाकारलं होतं. न्यायालयानं म्हटलं, एकाच वर्गाचे तारखेवरून असे दोन तुकडे करता येत नाहीत. पेन्शन ही मेहेरबानी नाही, केलेल्या सेवेचा तो मोबदला आहे, हेही त्याच निकालात आलं. तुमच्या बाबतीत योजनाच वेगळी आहे, म्हणून तो निकाल तुम्हाला सरळ लागू होत नाही. पण त्यामागचा विचार मला आजही तितकाच खरा वाटतो.

मार्च २०२३ चा संप तुम्हाला आठवत असेल. सात दिवस राज्याची कार्यालयं ओस होती. १९५३ च्या नागपूर करारामुळे आपल्याकडे हिवाळी अधिवेशन भरतं आणि डिसेंबरात यशवंत स्टेडियमहून निघालेले मोर्चे मॉरिस कॉलेजच्या टी पॉइंटवर अडवले जातात. त्यांत मी पांढऱ्या गणवेशातल्या मुली पाहिल्या आहेत. ती पायपीट वाया गेली असं मी मानत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रानं एकीकृत निवृत्तिवेतन योजना आणली आणि राज्य मंत्रिमंडळानंही लगेच तिला मान्यता दिली. २५ वर्षं सेवा झाली असेल तर शेवटच्या १२ महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या ५० टक्के पेन्शन, असं तिचं मूळ सूत्र. जुनी पेन्शन ती नव्हे, कारण तुमच्या पगारातली कपात चालूच राहते. पण ठरलेल्या रकमेचं तत्त्व सरकारला पुन्हा मान्य करावं लागलं. कोणता पर्याय निवडायचा हे संघटनेच्या व्हॉट्सॲपवरून ठरवू नका. शासन निर्णय स्वतः वाचा, सेवेची वर्षं मोजा, मग ठरवा.

एक मात्र मनापासून सांगते. मोर्चात उभ्या राहाल तेव्हा वॉर्डातल्या कंत्राटी बाईला विसरू नका. तिला ना जुनी पेन्शन, ना नवी. आणि ईपीएस-९५ वाल्या, म्हणजे भविष्य निर्वाह निधीच्या १९९५ च्या पेन्शन योजनेतल्या, म्हाताऱ्यांनाही विसरू नका. गिरण्या, कारखाने, महामंडळांतून निवृत्त झालेली ही माणसं. सप्टेंबर २०१४ पासून त्यांची किमान पेन्शन महिन्याला १,००० रुपये आहे. बुलढाण्यातून उभं राहिलेलं त्यांचं आंदोलन दिल्लीपर्यंत गेलं. हजार रुपयांत रक्तदाबाच्या गोळ्याही महिनाभर पुरत नाहीत. म्हातारपण सगळ्यांना येतं. आपण फक्त आपल्या टेबलापुरतं मागितलं तर आपली मागणी लहान होते.

प्रश्न : व्हिडिओ कॉलवर पोलिसाच्या गणवेशातला माणूस म्हणाला, तुमच्या आधारवरून गुन्हा झालाय, तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात, घराबाहेर जाऊ नका. मी फोन बंद केला, पण झोप उडाली आहे. (एक निवृत्त शिक्षक, त्रिमूर्तीनगर)

उत्तर : सर, तुम्ही योग्य तेच केलंत, निश्चिंत झोपा. डिजिटल अरेस्ट असं काही आपल्या कायद्यात नाहीच. फोनवर कोणाला अटक होत नाही आणि कोणतीही यंत्रणा चौकशीसाठी पैसे दुसऱ्या खात्यात ठेवायला सांगत नाही. शिक्का आणि जावक क्रमांक असलेलं पत्र फोनवर आलं तरी विश्वास ठेवू नका, ते बनवायला पाच मिनिटं लागतात. कागद घेऊन पायी जवळच्या पोलीस ठाण्यात जा आणि खरं-खोटं तिथं विचारा. पैसे गेले असते तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करायचा होता. पहिल्या काही तासांतच रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त असते. आणि हा प्रसंग घरी सांगा, शेजारी सांगा. लाजेनं गप्प बसलेली माणसंच पुन्हा फसवली जातात.

प्रश्न : गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला आणि घराचं जोतं खाली गेलं. पाऊस आला की पाणी थेट देवघरात. २२-२३ सप्टेंबर २०२३ ची रात्र आम्ही गच्चीवर काढली. तक्रार कोणाकडे करायची? (एक कुटुंब, अंबाझरीजवळून)

उत्तर : त्या रात्री अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत काय झालं, ते अवघ्या शहरानं पाहिलं. ज्या नदीवरून गावाचं नाव पडलं असं आपण अभिमानानं सांगतो, तिला भिंतीत कोंडून, वरून स्लॅब टाकून आपणच नाल्याची गत आणली. त्यात सिमेंटचे रस्ते. जुना थर न खोदता वरच नवा थर ओतला की रस्ता उंच होतो आणि दोन्ही बाजूंची घरं खड्ड्यात जातात. मानेवाड्यापासून गोकुळपेठेपर्यंत हे दिसतं. शहर सुधारतंय याचा मला आनंदच आहे, मेट्रोनं मी हौसेनं फिरते. पण म्हाताऱ्या माणसानं भर पावसात तांदळाचे डबे माळ्यावर चढवायचे, याला सुधारणा म्हणता येणार नाही.

आधी रस्ता कोणाचा ते शोधा. महानगरपालिका, सुधार प्रन्यास, सार्वजनिक बांधकाम विभाग, राष्ट्रीय महामार्ग, आपल्या गावात रस्त्यांचे इतके मालक आहेत. तक्रार चुकीच्या दारात गेली की महिने जातात. मालक कळला की माहितीच्या अधिकारात अर्ज करा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, ३० दिवसांत उत्तर यायला हवं. आलं नाही तर त्याच कार्यालयात प्रथम अपील.

अर्जात "रस्ता उंच का केला?" असं विचारू नका. या कायद्यात कागद मिळतो, कारण मिळत नाही. मंजूर अंदाजपत्रक, निविदेतला आराखडा, जुन्या आणि नव्या रस्त्याच्या पातळीची नोंद, पावसाळी नालीचा नकाशा आणि मोजमाप पुस्तिकेची प्रत, एवढं मागा. आराखड्यात खोदाई दाखवली असेल आणि प्रत्यक्षात ती झाली नसेल, तर तुमची तक्रार पुराव्यासकट उभी राहते. घराच्या उंबरठ्याजवळ टेप धरून फोटो काढा, दोन्ही बाजूंच्या घरांच्या सह्या घ्या आणि पाऊस यायच्या आधी निवेदन द्या. कामं मार्चपर्यंत ठरतात. जूनमध्ये सगळे फक्त पंप शोधत असतात.

प्रश्न : मुलगा म्हणतो, घर आत्ताच माझ्या नावावर करा, बक्षीसपत्राला मुद्रांक शुल्क फार लागत नाही. मुलगा चांगला आहे. करू का? (एक आजी, महाल)

उत्तर : आजी, मुलगा चांगलाच असेल. पण बक्षीसपत्र नोंदवलं की घर त्याच दिवशी तुमचं राहत नाही. मृत्युपत्र केलंत तर शेवटपर्यंत तुमचं राहतं आणि मन बदललं तर तेही बदलता येतं. ते साध्या कागदावर चालतं, स्टॅम्प लागत नाही, दोन साक्षीदार हवेत. नोंदणी सक्तीची नाही, तरी करून ठेवा.

बक्षीसपत्रच करायचं असेल, तर 'मुलानं शेवटपर्यंत सांभाळ करायचा' ही अट त्यात स्पष्ट लिहून घ्या. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यातलं कलम २३ अशा वेळी कामी येतं. सांभाळ झाला नाही तर न्यायाधिकरणाकडून ते हस्तांतरण रद्द करून घेता येतं. अट लिहिलेली नसेल तर भांडण लांबतं. लोक काय म्हणतील, सून काय म्हणेल, याचा विचार करू नका. चांगल्या मुलाला ही अट जड वाटणार नाही.

प्रश्न : एसटीत ७५ नंतर फुकट, मग रेल्वेत काऊन नाही? मी ७७ वर्षांचा आहे, लेक भोपाळला असते. (एक काकाजी, इतवारी)

उत्तर : काकाजी, एसटीची सवलत राज्याची आहे, २६ ऑगस्ट २०२२ पासून सुरू आहे आणि राज्याच्या हद्दीतच चालते. रेल्वेत ६० वर्षांवरच्या पुरुषांना ४० टक्के आणि ५८ वर्षांवरच्या स्त्रियांना ५० टक्के सूट होती. मार्च २०२० मध्ये करोनाचं कारण देऊन ती थांबवली. करोना सरला, गाड्या भरून जाऊ लागल्या, सूट मात्र परत आली नाही. ती परत यायला हवी, निदान शयनयान आणि साध्या डब्यात तरी. लेकीकडे, तीर्थाला, दवाखान्यात जाणारा म्हातारा माणूस त्याच डब्यात असतो. मी खासदारांना आणि रेल्वे मंत्रालयाला लिहिलं आहे. तुम्हीही इतवारीतल्या ज्येष्ठांच्या सह्या गोळा करा, निवेदन खासदारांच्या कार्यालयात स्वतः नेऊन द्या आणि शिक्का मारलेली प्रत घ्या. तिची झेरॉक्स मला पाठवा, पुढच्या अंकात तिच्याविषयी लिहीन. तोवर भोपाळचं तिकीट काढताना 'लोअर बर्थ' मागायला विसरू नका. ज्येष्ठांना खालची बर्थ देण्याची सोय अजून चालू आहे, त्याला पैसे पडत नाहीत.